आता बरं की मघाशी?

आमचे मामा चष्मेवाले. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर त्यांचं दुकान आहे आणि वर राहायच्या खोल्या. दुकान अरुंद आणि लांबलचक आहे, कारण नजर तपासायचा तक्ता आणि गिऱ्हाइकाची खुर्ची यांच्यात ठरावीक अंतर लागतं. त्या अंतरापायी मामांनी मागचं कोठार, जिन्याखालची जागा आणि मामीची भांडी घासायची मोरी, असं एकेक करत सगळं गिळलं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर ते एक जड लोखंडी चौकट चढवतात, तिच्यात एक भिंग घालतात, काढतात, दुसरं घालतात आणि विचारतात, "आता बरं की मघाशी?"

मामांचा सगळा संसार या एका प्रश्नावर चालला आहे. त्यांचं म्हणणं असं की चष्मा करणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचंच नसतं. बघायचंय गिऱ्हाइकाला, तेव्हा बरं-वाईट त्यानेच सांगावं. गिऱ्हाइकं हे ऐकून भारावतात. डॉक्टर बोलू देत नाहीत, घरचे ऐकून घेत नाहीत, आणि इथे एक म्हातारा माणूस पुन्हापुन्हा, न कंटाळता आपल्याला काय वाटतं ते विचारतोय. काही लोक तर चष्म्याची गरज नसताना नुसते त्या खुर्चीत बसायला येतात असा माझा संशय आहे.

ही लोकशाही जिन्याच्या पहिल्या पायरीशी संपते. वर गेल्यावर मामा कुणालाही काही विचारत नाहीत. मुलांची शाळा त्यांनी ठरवली, मुलींची लग्नं त्यांनी ठरवली, घराचा रंग त्यांनी ठरवला आणि तो अजून खोकल्याच्या औषधासारखा तपकिरी आहे. मामीला कुणी प्रश्न विचारला की उत्तर मामांकडून येतं. शेजारीण विचारते, चहा घेणार का? मामा सांगतात, हिला आत्ता नको. कापडवाला विचारतो, निळं दाखवू का हिरवं? मामा सांगतात, हिला राखाडी आवडतं. माणूस दुष्ट नाही हो. आपण बायकोचं ओझं हलकं करतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. मामी वाद घालत नाही. मी घसा साफ करेपर्यंत यांचं उत्तर देऊन झालेलं असतं, एवढंच ती म्हणते.

याला अपवाद एकच, तो म्हणजे होडी.

यॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे, काळे गॉगल आणि हातातले पेले येतात. ही तसली नव्हे. मामांची यॉट छोटीशी आहे. आतल्या खोलीत दोन माणसं झोपू शकतात, तिसऱ्याने पाय बाहेर ठेवावे लागतात. एक शेगडी, एक नळ, आणि झाकण वाजणारं एक खोकं ज्याला मामा कपाट म्हणतात. मामांनी ती जुनी घेतली, खरवडली, रंगवली (तपकिरी), आणि तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद ठेवून दोघं नवरा-बायको समुद्रावर जातात. जातात म्हणजे काय, बंदराच्या आतल्या पाण्यात गोल फिरतात. बाहेर पडायच्या आधी शीड नीट बसायला हवं ना.

आणि शीड बसवणं म्हणजे नुसतं कापड टांगलं आणि वारा भरला असं नसतं. निदान मामांच्या मते नसतं. डोलकाठीवर शीड चढवणारा एक दोर. खालच्या आडव्या काठीवर शिडाचा तळ मागे ताणणारा दुसरा. ती काठी आत-बाहेर सोडणारा तिसरा. ती वर उचलली जाऊ नये म्हणून तिला खाली दाबून धरणारा चौथा. एकाला ओढलं की बाकीचे तिघे रुसतात. चढवायचा दोर कमी ताणला तर शिडावर आडव्या सुरकुत्या पडतात, जास्त ताणला तर उभ्या. तळ सैल सोडला तर शिडाला पोट सुटतं, फार ताणला तर पोट इतकं सपाट होतं की मंद वाऱ्यात होडी हलत नाही. शिवाय शिडाच्या मागच्या कडेला फितीचे तुकडे शिवलेले असतात. मामा त्यांना शेपट्या म्हणतात. सगळ्या शेपट्या सरळ मागे उडाल्या की शीड जमलं. एखादी शिडामागे जाऊन लपली की कुठेतरी ओढाताण चुकली.

मामा डोलकाठीला चिकटून उभे राहतात. मामी मागे बसते, हातात सुकाणूचा दांडा. मामा एक दोर बोटभर ओढतात आणि तिथूनच हाक मारतात, "आता बरं की मघाशी?" मामी मान वर करते, जरा वेळ घेते आणि सांगते, आता. मग मामा दोर बांधतात. किंवा ती सांगते, मघाशी, आणि मामा मुकाट्याने तो बोटभर दोर परत सोडतात. डोलकाठीजवळून शीड दिसत नाही, नुसतं कापड दिसतं. मी एकदा म्हटलं, मामा, चार पावलं मागे येऊन स्वतः का बघत नाही? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना गिऱ्हाइकाचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवायला सांगितला होता. करणाऱ्याने बघायचं नाही, बघणाऱ्याने करायचं नाही, हा त्यांचा धर्म.

मी त्यांची भाची. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे वारे मला फळ्यावरचे माहीत आहेत.

आमच्या बंदरात वर्षातून एकदा छोट्या यॉटची शर्यत होते. बंदराबाहेर पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परत यायचं, बस. मामा दरवर्षी भाग घेतात आणि दरवर्षी शेवटून पहिले येतात. ते पोचतात तेव्हा पंचांनी निशाण गुंडाळलेलं असतं आणि चहाची किटली रिकामी असते. मग सोमवारपासून घोडं कुठे पेंड खातंय याचा शोध सुरू. कधी दोरांना नावं ठेवायची, कधी शीड शिवणाऱ्याला, कधी होडीच्या तळाला चिकटलेल्या शेवाळाला. नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी कप्प्या बदलल्या, दोर बदलले, एका वर्षी आतली शेगडीसुद्धा वजन कमी करायला काढून ठेवली. संशय घेतला नाही तो फक्त मामीच्या नजरेवर.

तसा तो घ्यायला जागाही नव्हती. मामीची नजर म्हणजे दुकानाचा अभिमान. दरवर्षी मामा तिला खुर्चीत बसवतात, आणि ती तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचते. वर तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचून दाखवते. मामा गिऱ्हाइकांना बोलावून ऐकवतात. या वयात बिनचष्म्याची, ते म्हणतात, आणि कौतुकाने स्वतःचा चष्मा पुसतात.

गेल्या वर्षी शर्यत संपल्यावर बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे बसले होते. मामांच्या दुकानासमोरचे दातांचे डॉक्टर नेहमीप्रमाणे पहिले आले होते आणि नेहमीप्रमाणे, जिंकणं महत्त्वाचं नसतं असं सांगत होते. मामांच्या डोक्यात तिडीक गेली. ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की पुढच्या खेपेलाही शेवटचा आलो तर होडी विकून टाकीन. दातांच्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं की मग ती मीच घेईन, माझ्या जावयाला हवीच आहे. झालं. मामा चारचौघांत बोललेला शब्द गिळणाऱ्यांतले नाहीत. असल्याच एका शब्दापायी त्यांनी पूर्वी कधीतरी अतिशय वाईट दिसणारी मिशी ठेवली होती आणि मुदत संपेपर्यंत काढली नव्हती.

या वर्षीच्या शर्यतीला महिना उरला तेव्हा मामी माझ्याकडे आली आणि म्हणाली, यंदा तू चल आमच्याबरोबर, दोर धरायला एक माणूस हवंय. मामीने आपणहून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं.

पहिल्याच रविवारी मी मामीशेजारी मागे बसले. मामा पुढे डोलकाठीशी. पहिले पाढे पंचावन्न सुरू झाले. आता, मघाशी, आता, आता, मघाशी. होडी गोल फिरत होती. मग मामांनी विचारलं, वरची शेपटी कशी आहे? मामी मान वर करून म्हणाली, छान उडतेय, अगदी सरळ.

मी वर पाहिलं. वरची शेपटी जागेवर नव्हतीच. वादळात कधीतरी तुटून गेली असावी, शिवणीत नुसता एक दोरा लोंबत होता. मी मामीकडे पाहिलं. ती अगदी मन लावून बघत होती, फक्त शिडाच्या बरंच उजवीकडे, जिथे आकाशाशिवाय काही नव्हतं.

घरी आल्यावर मामी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली. मामा खाली दुकानात कप्पी उघडून बसले होते. मी दार लोटलं आणि सरळ विचारलं, मामी, तुला दिसत नाही का? तिने दोन-तीन शेंगा सोलल्या, दाणे बोटांनी चाचपून भांड्यात टाकले आणि म्हणाली, अगदीच दिसत नाही असं नाही, उजेड दिसतो, माणसं आकारावरून कळतात. गेल्या हिवाळ्यात तिला वाटलं धुकं पडलंय. मग उन्हाळा आला तरी धुकं हललं नाही, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"आणि तक्ता?" मी म्हटलं.

"तो मी लग्न झाल्यापासून दर आठवड्याला फडक्याने पुसते," मामी म्हणाली आणि मटार सोलता सोलता शेवटची ओळ म्हणून दाखवली, छापणाऱ्याच्या नावासकट.

मला इतकं हसू आलं की मी खुर्चीची पाठ धरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभरच्या लोकांचे डोळे तपासणारा माणूस बायकोची परीक्षा घेताना तिच्या डोळ्यांत न बघता तक्त्याकडे बघतो, अक्षर चुकतंय का ते पाहायला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांगते. तेव्हा मामीने माझा हात धरला.

"नको. आठवड्यातून एकदा मला विचारतात गं ते," ती म्हणाली. "मी 'आता' म्हटलं की दोर बांधतात. 'मघाशी' म्हटलं की सोडतात. का म्हणून विचारत नाहीत. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कशात माझं असं ऐकलंय का? दिसत नाही म्हटलं की मला शाल गुंडाळून काठावर बसवतील आणि तुला विचारायला लागतील."

मग तू काय बघून सांगतेस, मी विचारलं. ती म्हणाली, शिडातलं मला दिसत होतं तेव्हाही काही कळत नव्हतं, आलटून पालटून सांगते, मधूनच लागोपाठ दोनदा 'आता', म्हणजे संशय येत नाही.

माझं हसू गेलं. मला मामांचा इतका राग आला की खाली जाऊन तो तक्ताच फाडावा असं वाटलं. आणि मामीचाही आला, कारण इतकी शहाणी बाई, आणि हिला डोळ्यांपेक्षा तो रविवार मोठा वाटावा. पण तिने शब्द घेतला आणि मी दिला. आमच्या घराण्यात शब्द देण्याचा रोगच आहे.

आता होडी वाचवायची तर शर्यतीत शेवटचं येऊन चालणार नव्हतं. आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. मी मामीला खेटून बसायचं आणि आडव्या काठीचा दोर धरायचा. मामांनी विचारलं की शिडाकडे मी बघायचं. आता बरं असेल तर मामीच्या गुडघ्यावर एक टिचकी, मघाशी बरं असेल तर दोन. उत्तर मामीने द्यायचं. सुकाणू कुठे वळवायचं तेही मी तिला हळूच सांगायचं. मी तोवर वाचनालयातून शिडांवरचं एक पुस्तक आणून चित्रं पाठ केली, शेपट्यांची, पोटाची, सुरकुत्यांची. बाईंना मधल्या सुट्टीतही अभ्यास आहे का, असं वर्गातल्या मुली विचारत होत्या.

शर्यतीच्या दिवशी वारा छान होता, ना मंद ना जोराचा. सुरुवातीला आम्ही सवयीप्रमाणे शेवटी होतो. मामांनी चढवायचा दोर थोडा ओढला आणि विचारलं. डोलकाठीजवळच्या आडव्या सुरकुत्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. एक टिचकी. मामी म्हणाली, आता. मामांनी तळ ताणला. पोट पार गेलं. दोन टिचक्या. मघाशी, मामी म्हणाली. असं चार-पाचदा झालं आणि होडीखालचं पाणी वेगळंच वाजायला लागलं. औषधांच्या दुकानदारांची होडी आमच्या पुढे होती, ती शेजारी आली, मग मागे गेली. औषधवाले तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग आम्ही माझ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांना मागे टाकलं. त्यांनी मला ओळखलं आणि रागाने मान फिरवली.

मामांचा आनंद गगनात मावेना. ते डोलकाठीला मिठी मारून उभे होते आणि मागे वळून पुन्हापुन्हा म्हणत होते की नजर म्हणतात ती ही, आजवर दोरच वाईट होते. मला वाटलं मामी खूश असेल. पण प्रत्येक उत्तरागणिक तिचा आवाज उतरत गेला. पुढच्या वेळी मी दोन टिचक्या मारल्या, तर ती खणखणीत आवाजात म्हणाली, आता. शिडाला ढेरी सुटली आणि होडी मंदावली. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, ज्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"ते मला विचारताहेत," मामी पुटपुटली, "तुला नाही." आणि तिने गुडघा बाजूला घेतला. मग औषधवाल्यांच्या होडीचा आवाज जवळ आला तसा तिने निमूटपणे गुडघा परत आणून ठेवला. मला फार वाईट वाटलं. तिची जी एक गोष्ट वाचवायला मी आले होते, तीच मी बसल्या जागी तिच्याकडून काढून घेत होते.

बोया जवळ आला. पिंपाएवढा, लालभडक. त्याला डाव्या हाताला ठेवून वळायचं होतं आणि वळणावर दरवर्षी मामा ओरडून सूचना देतात, थोडं इकडे, थोडं तिकडे. आज मात्र ते म्हणाले की मी एक अक्षर बोलणार नाही. कधी वळायचं, किती जवळून वळायचं, हे सगळं तू ठरव, तुझ्या नजरेपुढे माझं काय. आणि खरोखर त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि दोर हातात घेऊन वाट बघत उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मामीवर सगळं सोपवलं असेल, आणि तेही नेमकं असं.

मी हळूच दिशा सांगायला तोंड उघडलं. मामीने माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली, "मला बोया दिसत नाही."

मामा वळून न बघता म्हणाले, शिडाआड असेल, येईल आता समोर.

"शिडाआड नाही. मला शीडपण दिसत नाही. पांढरं काहीतरी आहे एवढं कळतं."

मामा वळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे. कधीपासून, त्यांनी विचारलं. गेल्या हिवाळ्यापासून, मामीने सांगितलं. पण तक्ता, ते म्हणाले. मामीने भर समुद्रात तक्त्याची शेवटची ओळ म्हणून दाखवली. मामांच्या हातातला दोर सुटला. शीड फडफडायला लागलं, आडवी काठी आमच्या डोक्यांवरून इकडून तिकडे गेली, आणि एक दणका बसला. बोया आम्हाला येऊन धडकला होता, म्हणजे आम्ही त्याला. बोयाला धक्का लागला की तिथेच एक गिरकी घ्यायची असा नियम आहे, पण नियम आठवायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. औषधवाले बाजूने गेले आणि जाता जाता काही झालंय का, कुणाला काही हवंय का, असं विचारून गेले. मुख्याध्यापक गेले. मामांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. हे इतकं नवीन होतं की दोघेही पुढे जाऊन वळून वळून बघत राहिले.

मामा गुडघ्यांवर रांगत मागे आले. मामीच्या हनुवटीला धरून त्यांनी तिचा चेहरा उन्हाकडे केला आणि बघितलं. तक्ता नाही, भिंग नाही, नुसते डोळे. मलासुद्धा दिसत होतं, बाहुल्यांवर दूध सांडल्यासारखं. मोतीबिंदू, मामा म्हणाले. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मला खुर्चीवरून दिसतो हा, ते पुटपुटले.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर विचारायचं बंद केलं असतंत," मामी म्हणाली.

मामांना कळलं नाही. मामीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. शाळा, लग्नं, राखाडी कापड, तपकिरी रंग. रागावून नाही, एकेक करत, मटार सोलावेत तसं. चहासुद्धा मला कधीकधी हवा असतो, ती म्हणाली. मी समुद्राकडे बघत बसले. एवढ्या बारकाईने मी समुद्र आजवर वर्गातसुद्धा शिकवलेला नाही. मामा एकदाही मध्ये बोलले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी नाक शिंकरलं आणि सुकाणूचा दांडा मामीच्या हातावरून धरला. आम्ही गिरकी घेतली आणि परत निघालो.

मागे बसून शिडाकडे बघायची मामांची ती पहिलीच वेळ. त्यांनी वर पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिले. दोर सुटल्यापासून त्या शिडाची पार दुर्दशा झाली होती, वर सुरकुत्या, खाली ढेरी. इतकं वाईट बसलेलं शीड आपण जन्मात पाहिलं नाही, असं ते म्हणाले. तरी मी सांगत होते मघाशी बरं होतं, मामी म्हणाली. मामा हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचं होतं की कशाचं, ते मी बघितलं नाही.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा अर्थात शेवटचे होतो. दातांचे डॉक्टर जावयाला घेऊन उभेच होते. जावई हिरवट चेहऱ्याने पाण्याकडे बघत होता. डॉक्टर अतिशय गोड आवाजात म्हणाले की आपलं मागच्या वर्षीचं बोलणं लक्षात असेलच. मामांनी मान ताठ केली, शब्द म्हणजे शब्द असं सांगायला ते घसा खाकरत होते, आणि तो साफ होईपर्यंत मामीचं बोलून झालं होतं.

"होडी विकायची नाही," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, पण यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. मामी म्हणाली, यांनी दिला असेल, मी कुठे दिला होता? धक्क्यावर सगळे मामांकडे बघायला लागले. मामांचा चेहरा मिशी ठेवली होती तेव्हा व्हायचा तसा झाला. आता आपली नाचक्की होणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी होडीचा दोर धक्क्याच्या खुंट्याला बांधला, परत सोडला, परत बांधला. शेवटी म्हणाले, शब्द माझा होता, पण होडी दोघांची आहे. डॉक्टर निघून गेले. जावयाने मात्र जाता जाता मामीला वाकून नमस्कार केला. त्याला पाण्याकडे नुसतं बघूनही मळमळतं, हे मला नंतर कळलं.

पुढच्याच आठवड्यात मी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई मामांना चांगल्या ओळखतात. मोतीबिंदूचे सगळे रुग्ण मामाच त्यांच्याकडे पाठवत आलेत. त्यांनी मामीला तपासलं, दिवा बंद केला आणि सगळं मामांना सांगायला लागल्या. दोन्ही डोळे सारखेच आहेत, शस्त्रक्रिया साधी आहे, एका वेळी एकच डोळा करू, काळजीचं कारण नाही. मामी दोघांच्या मध्ये बसली होती आणि बोलणं तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं.

मग बाईंनी मामांना विचारलं, आधी कुठला करू या?

मामांनी श्वास घेतला. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं, मला दिसत होतं. चाळीसेक वर्षांची सवय होती ती. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि मामीकडे तोंड करून बसले. बाई थांबल्या. बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मामीला आधी समजलंच नाही की सगळे कशासाठी थांबलेत. समजलं तेव्हा तिने पदर सारखा केला आणि विचार करायला लागली. तिने भरपूर वेळ घेतला. एक डोळा मिटून बघितला, मग दुसरा मिटून बघितला, मग पुन्हा पहिला. कुणीही तिला घाई केली नाही.

"डावा," ती म्हणाली.

बाईंनी पेन उचललं आणि मामांकडे पाहिलं. चालेल ना, त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता?" मामा म्हणाले. "डोळा तिचा आहे."